'ऑल्दो'बरोबर 'बट' का नको, आणि 'इफ'बरोबर 'देन' कसा चालतो?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी नववीत, सेमी इंग्लिशला. तिने चाचणीत लिहिलं, 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू ठाणे.' बाईंनी 'बट' खोडला आणि अर्धा मार्क कापला. पण त्याच पानावर 'इफ द रेन स्टॉप्स, देन वी विल गो' या वाक्याला बरोबरची खूण. ताई विचारतात: "दोन्हीकडे दोन-दोन शब्द आहेत. मग एक चूक आणि एक बरोबर कसं? मराठीत तर जरी-तरी, जर-तर दोन्ही सर्रास चालतात." शेवटी जाता जाता आणखी एक शंका: 'बट'ने वाक्य सुरू करायचं नाही असंही तिला सांगितलंय, ते खरं का?

ताई, बाईंनी दोन्ही ठिकाणी बरोबरच तपासलंय. पण 'दोन शब्द एकत्र येत नाहीत' एवढंच कारण सांगितलं असेल, तर तुमची शंका रास्त आहे. त्या नियमाने 'देन'सुद्धा खोडायला हवा होता.

आधी इंग्रजीचं बघू. 'बट' हा बरोबरीच्या दोघांना जोडणारा शब्द. त्याच्या दोन्ही बाजूंना आपापल्या पायावर उभं राहणारं वाक्य लागतं. 'इट वॉज रेनिंग' हे उभं राहतं. त्याच्यापुढे 'ऑल्दो' लावला की ते लटकतं. कुणी नुसतं 'ऑल्दो इट वॉज रेनिंग' म्हणून गप्प बसलं, तर आपण "बरं, मग?" असं विचारतोच. म्हणजे 'ऑल्दो'ने डावीकडचं वाक्य गौण करून टाकलं, आता 'बट' डाव्या हाताने धरणार कुणाला? 'देन'चं तसं नाही. तो उभयान्वयी नाहीच, क्रियाविशेषण आहे. तो आपल्या वाक्यात 'मग' म्हणून बसतो, कुणाला जोडत नाही; काढला तरी काही अडत नाही. 'स्टिल' आणि 'येट' याच कारणाने 'ऑल्दो'बरोबर चालतात. 'येट' दोन्ही कामं करतो, 'बट'सारखा जोडतोही आणि 'तरीही' म्हणून नुसता बसतोही. 'ऑल्दो'च्याच अर्थाचा 'दो' आणि 'येट' ही जोडी १६११ च्या इंग्रजी बायबलातसुद्धा आहे. आता ती जरा जुन्या वळणाची वाटते, पण चूक नव्हे. तुमच्या मुलीने 'बट'च्या जागी 'स्टिल' लिहिलं असतं, तर बाईंना तो अर्धा मार्क कापता आला नसता.

आता मराठी. मला यातला हाच भाग जास्त गमतीचा वाटतो, कारण चुकीचं मूळ इथे आहे. शाळेच्या व्याकरणात 'जर-तर', 'जरी-तरी' एका चौकटीत शेजारी शेजारी छापलेले असतात, जणू दोघांचं वजन सारखंच. पण एकेक शब्द काढून बघा. 'पाऊस थांबला तर निघू.' 'जर' गेला, कुणाला पत्ताही लागला नाही. आता उलट करा: 'जर पाऊस थांबला, निघू.' कानाला खटकलं ना? 'पाऊस होता तरी गेलो' अस्सल मराठी, 'जरी पाऊस होता, आम्ही गेलो' हे भाषांतर. 'गाडी आली तेव्हा मी चहा घेत होते' असं आपण बोलतो; 'जेव्हा गाडी आली, मी चहा घेत होते' हे हल्ली छापून येतं खरं, पण घरात कुणी बोलत नाही. थोडक्यात, मराठीत भार दुसऱ्या शब्दावर असतो आणि पहिला ऐच्छिक. इंग्रजीत बरोबर उलटं: 'इफ' काढला तर वाक्य मोडतं, 'देन' काढला तर काही होत नाही.

आणखी एक बघा. 'तर' छापताना आपण स्वल्पविराम त्याच्या आधी देतो, पण बोलताना थांबतो त्याच्यानंतर: 'पाऊस थांबला तर... निघू.' वाक्य उलटं फिरवलं तरी 'तर' अटीचीच पाठ धरतो: 'येईन मी, सुट्टी मिळाली तर.' इंग्रजीत जोडशब्द गौण वाक्याच्या तोंडाशी असतो, मराठीच्या या जोड्यांत शेपटाशी. मूल इंग्रजी लिहायला बसलं की पुस्तकातला नियम आठवून तोंडाशी 'ऑल्दो' लावतं, आणि शेपटाशी मराठी कान 'तरी' मागतो. तिथे 'बट' येऊन बसतो. मुलीचं व्याकरण कच्चं आहे असं नाही, तिचा मराठी कान पक्का आहे.

हे एकदा कळलं की बाकीच्या चुका आपोआप ओळखू येतात. 'बिकॉज द ट्रेन वॉज लेट, सो आय मिस्ड द लेक्चर' हे त्याच कुळातलं. आपण म्हणतो, 'गाडी लेट झाली म्हणून लेक्चर बुडलं.' पुन्हा शेपटाशी 'म्हणून', त्याच जागेवर 'सो'. 'सो'सुद्धा 'बट'सारखाच जोडणारा, म्हणून 'बिकॉज' किंवा 'सो', दोघांतला एकच ठेवायचा.

'विचारलं की'मध्येही मराठी शब्दच इंग्रजीत शिरतो. 'मी त्याला विचारलं की तू कुठे चाललास' यातला 'की' इंग्रजीत नेला की 'आय आस्क्ड हिम दॅट व्हेअर ही वॉज गोइंग' असं होतं. तिथे 'व्हेअर'च जोडायचं काम करतो, 'दॅट'ला जागाच उरत नाही. 'ही टोल्ड मी दॅट' मात्र ठीक, कारण पुढे प्रश्न नाही.

'अन्टिल'ची चूक मात्र वेगळी, आणि माझ्या मते सर्वांत जास्त होणारी. 'वेट हिअर अन्टिल आय डोन्ट कम.' हे नववीतल्या मुलांचंच नाही, ऑफिसच्या मेलमध्येसुद्धा दिसतं. मराठीत 'मी येत नाही तोपर्यंत इथेच थांब' असं नकारासकट म्हणतात, तो नकार तसाच उचलला जातो. इंग्रजीत 'अन्टिल' म्हणजे 'त्या क्षणापर्यंत'; त्यामुळे 'मी न येण्याची वेळ येईपर्यंत थांब' असला काहीतरी अर्थ होतो. उपाय सोपा आहे: मनातलं मराठी वाक्यच बदलायचं. 'मी येईपर्यंत थांब' यात नकार नाही, त्याचं सरळ इंग्रजी होतं. 'अनलेस'लाही हीच युक्ती. 'अभ्यास केला नाहीस तर' यावरून गेलात की 'अनलेस यू डोन्ट स्टडी' लिहून बसाल, 'अभ्यास केल्याशिवाय' यावरून गेलात की 'अनलेस यू स्टडी' बिनचूक येईल.

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजीतही 'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर', 'नॉट ओन्ली-बट ऑल्सो' अशा जोड्या आहेतच की. आहेत, आणि त्या ठरलेल्या आहेत, पाठ करून टाकायच्या. एकच जोडी समजून घेण्यासारखी आहे, कारण आपल्या बोर्डाच्या पेपरात 'अ‍ॅज सून अ‍ॅज' काढून 'नो सूनर' वापरा असं हमखास येतं. 'सूनर' हे तुलनेचं रूप, म्हणून त्याच्या मागे 'दॅन'च हवा, 'व्हेन' नव्हे. ('हार्डली'मागे मात्र 'व्हेन', कारण तिथे तुलना नाही.) आणि 'नो सूनर' तोंडाशी आला की क्रियापदाची उलटापालट होते: 'नो सूनर डिड द ट्रेन स्टॉप दॅन द क्राउड रश्ड इन.' 'डिड' आला की 'स्टॉप्ड' नाही, नुसतं 'स्टॉप'. मुलीला भाव कळत नसेल, तर ठाणे स्टेशनवर वाशीची गाडी लागताना काय होतं ते आठवायला सांगा. गाडी थांबते न थांबते तोच लोक आत. 'थांबते न थांबते तोच' म्हणजेच 'नो सूनर'. नुसतं 'ऐरोली आलं की फोन कर' असेल, तर 'अ‍ॅज सून अ‍ॅज' किंवा साधं 'व्हेन' पुरे.

राहिला 'बट'ने वाक्य सुरू करण्याचा प्रश्न. व्याकरणाचा असा कुठलाही नियम नाही. चांगले इंग्रजी लेखक 'बट' आणि 'अँड'ने वाक्यं सुरू करत आले आहेत, आपण 'पण'ने करतो तशीच. लहान मुलं प्रत्येक वाक्य 'अँड'ने सुरू करतात, ती सवय मोडायला शिक्षकांनी काढलेली ही तोड आहे. घरी, पत्रात, गोष्ट लिहिताना तिला खुशाल लिहू द्या. परीक्षेत मात्र बाई म्हणतील तसं.