अमोनियावरून सीओटूवर येणाऱ्याला

रत्नागिरीच्या मासळी कारखान्यात अमोनियाच्या रेफ्रिजरेशनवर हात बसलाय तुझा, ते चांगलंच. पण सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचं, गणित वेगळं. त्याचं क्रिटिकल तापमान, ज्याच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही ते, ३१ अंश. आपल्याकडे मे महिन्यात दुपारची हवाच त्याच्यावर जाते. मग वायूचा द्रव होतच नाही, ९०-१०० बार दाबावर नुसता थंड करत बसायचं आणि विजेचं बिल भरायचं. म्हणून कोकणात मला कॅस्केडच पटतं, म्हणजे एकमेकांना जोडलेली दोन चक्रं: वरच्या, गरम बाजूच्या चक्रात अमोनिया, खालच्या, थंड बाजूच्या चक्रात सीओटू. उणे ४० अंशांच्या ब्लास्ट फ्रीजरला (थंड हवेच्या झोतानं माल झटपट गोठवणारा) सीओटू फार छान चालतो, पाइपही बारीक लागतात. शिवाय अमोनिया मशीनरूममध्येच राहतो, कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या डोक्यावरून जात नाही.

पावसाळ्यात लाइट गेली की आधी रिसीव्हरचा, म्हणजे द्रव सीओटू साठतो त्या टाकीचा, दाब बघ. प्लांट बंद, द्रव तापतोय, दाब चढतोय, शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह उडून गॅस वाया. त्यासाठी वायूचा पुन्हा द्रव करणारं छोटं कंडेन्सिंग युनिट जनरेटरवर हवंच. मालक खर्चाला कुरकुरेल, कुरकुरू दे.

दोन व्हॉल्व्हच्या मध्ये द्रव कधी कोंडू नकोस, पाइप फुटेल. लाइन रिकामी करताना घाई नको. गेजवर चार बारच्या आसपास दाब उतरला की आतल्या द्रवाचा कोरडा बर्फ होतो. काटा शून्यावर दिसतो, तू फ्लँज (पाइपचा बोल्ट लावलेला जोड) खोलतोस, आणि आत बर्फाचा पुन्हा वायू होऊन दाब चढत असतो.

आणि गळती ओळखायला नाकावर विसंबू नकोस. सीओटूला वास नाही, हवेपेक्षा जड आहे, खड्ड्यात साचतो. सेन्सर जमिनीलगत आहे ना, ते पहिल्याच दिवशी बघून घे.