भोपाळला दिसलं, नागपूरला का नाही?

प्रश्न : ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण आम्ही सक्करदऱ्याच्या गच्चीवरून पाहिलं. पुण्याच्या भाचीलाही तेव्हाच तसंच दिसलं. मग २२ जुलै २००९ चं सूर्यग्रहण भोपाळला खग्रास आणि आपल्याकडे खंडग्रास, असं का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, घरात एक संत्रं आणि एक बोर असेल ना? संत्रं पृथ्वी, बोर चंद्र, टेबलावरचा दिवा सूर्य. बोर दिवा आणि संत्र्याच्या मध्ये धरा. संत्र्यावर एवढासा काळा ठिपका पडेल. त्या ठिपक्यात जो बसेल त्याला खग्रास. खऱ्या पृथ्वीवर हा ठिपका सहसा पावणेतीनशे किलोमीटरपेक्षा कमीच रुंद असतो आणि धावतो. २००९ मध्ये तो सुरत, इंदूर, भोपाळ, पाटणा असा गेला. आपण जरा दक्षिणेला राहिलो. मी तेव्हा पहाटे उठून बसलो होतो, तर आभाळ गच्च! चहा पिऊन खाली उतरलो.

आता बोर संत्र्याच्या मागे न्या. संत्र्याची सावली बोरावर पडली की बोरच काळवंडतं, आणि ते खोलीतल्या ज्याला ज्याला दिसतं त्याला काळवंडलेलंच दिसतं. म्हणून चंद्र ज्यांच्या क्षितिजाच्या वर असेल त्या अर्ध्या पृथ्वीला चंद्रग्रहण एकाच वेळी दिसतं. (खरं प्रमाण पाळायचं तर बोर संत्र्यापासून दोन मीटर दूर धरावं लागेल.)

चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी खुशाल पाहा. सूर्यग्रहणाला मात्र ग्रहणाचा खास चष्माच हवा, जुना एक्स-रे नको.