सुट्टीवर असलेले पाळक दुसऱ्या मंडळीच्या उपासनेला का जातात?

आपण असे विचारले आहे की, आपल्या मंडळीचे पाळक पंधरा दिवसांच्या रजेवर असताना एका रविवारी दुसऱ्या शहरातील चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलेले आपल्या नातेवाइकांना दिसले. हे योग्य आहे का, आणि उपासनेला जायचेच होते तर ते आपल्या मंडळीतच का आले नाहीत? मी गेली एकोणीस वर्षे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मराठी मंडळ्यांत पाळक म्हणून सेवा करीत आहे आणि दर वर्षी रजेतील रविवारी आवर्जून दुसऱ्या मंडळीत जाऊन बसतो, म्हणून अनुभवाने उत्तर देतो.

आपल्या मंडळीत पाळक केवळ उपासक म्हणून बसूच शकत नाही. तो शेवटच्या बाकावर बसला तरी त्याचे लक्ष ध्वनिक्षेपकाच्या खरखरीकडे, आज न दिसलेल्या कुटुंबाकडे, प्रभुभोजनाचे (भाकर व प्याला यांच्या विधीचे) मेज नीट मांडले आहे की नाही याकडे जाते. आणि उपासना सुटताच फाटकापाशी कोणीतरी घरभेटीची वेळ मागते, कोणीतरी लग्नाची तारीख विचारते. शिवाय त्याच्या जागी ज्यांनी त्या दिवशी संदेश द्यायचा असतो, मग ते शेजारच्या मंडळीचे पाळक असोत की आपल्याच मंडळीतील एखादे वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ सभासद), त्यांना त्याच्यासमोर बोलताना अवघडल्यासारखे होते. वर्षातील सुमारे पन्नास रविवार जो माणूस बोलतो, त्याला ऐकण्याची संधी फारच थोडी मिळते. विश्वास ऐकण्याने होतो, असे पौलाने रोमकरांस लिहिले आहे, आणि हे वचन पाळकालाही लागू आहे. शिष्य सेवाकार्यावरून परतले तेव्हा प्रभूने त्यांना एकांती जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले, हे मार्काच्या सहाव्या अध्यायात आपण वाचतोच.

काही वर्षांपूर्वी पुनरुत्थानाच्या सणानंतर (ईस्टरनंतर) मी आणि माझी पत्नी कोल्हापूरला गेलो होतो. (उपवासकाळ, पवित्र आठवडा आणि मे महिन्यातील लग्ने यांच्या मध्ये जी थोडी फट राहते, तीत आम्हा पाळकांची रजा बसते.) रविवारी उपासनेला गेलो, तेव्हा माझ्याजवळ उपासना संगीत या आमच्या गीतपुस्तकाची प्रत नव्हती. शेजारी एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्यांनी काही न विचारता आपली प्रत माझ्याकडे सरकवली. तिला खाकी कागदाचे वेष्टन होते, पाने कडांना काळवंडून मऊ पडली होती, आणि कित्येक गीतांच्या समासात पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या होत्या. त्या स्वतः पुस्तकात पाहतच नव्हत्या. सर्व कडवी त्यांना पाठ होती आणि माझ्यासाठी त्या ओळीखालून बोट फिरवीत होत्या. नारायण वामन टिळकांचे ते गीत मी शेकडो वेळा वेदीजवळ उभा राहून म्हणवून घेतले असेल, परंतु तेथे मी ते केवळ गायलो. पुढे काय घोषित करायचे आहे, हा विचार त्या वेळी माझ्या मनात नव्हता. उपासना संपल्यावर मी त्या तारखांविषयी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “ज्याच्या मातीला जे गीत म्हटलं, त्याची तारीख.” पुढच्या अंत्यविधीच्या वेळी मी गीत निवडले, तेव्हा घाईने नेहमीचा क्रमांक न देता त्या कुटुंबाला आधी विचारले, आणि ती सवय आजही ठेवली आहे.

दुसरे कारण असे की, आपली मंडळी कोठून आली हे दुसऱ्या मंडळीत बसल्यावर कळते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. नाव एक झाले, तरी प्रत्येक ठिकाणच्या उपासनेत जुन्या मिशनचा वारसा ऐकू येतो. पुण्याच्या गुरुवार पेठेतील पंचहौदचे पवित्र नाम देवालय 1885 साली बांधले गेले. ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या मंडळीच्या परंपरेतील असल्यामुळे तेथे वेदी, गुडघे टेकणे आणि ठरलेल्या शब्दांतील प्रार्थना यांना मोठे स्थान आहे. (1890 साली तेथे चहा घेतल्यावरून पुण्यात जो वाद झाला, त्यामुळे पंचहौद मिशन हे नाव बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक असते; तेथील उपासना मात्र फार थोड्यांनी पाहिलेली असते.) अहिल्यानगर भागातील अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत प्रवचन आणि मंडळीचा सामूहिक कारभार यांवर भर आहे, आणि तेथे पेटी, तबला व टाळ यांच्या साथीने टिळकांची भजने म्हटली जातात. मी त्या परंपरेत वाढलो. पंचहौदला पहिल्यांदा गेलो तेव्हा लिहिलेली प्रार्थना मला कोरडी वाटेल अशी माझी समजूत होती. परंतु ज्या आठवड्यात माझे वडील गेले, त्या आठवड्यात मला स्वतःचे शब्द सुचत नव्हते, आणि त्या लिहिलेल्या शब्दांनीच मला प्रार्थना करता आली.

आता प्रभुभोजनाचा प्रश्न, कारण पाहुण्या पाळकाला सर्वांत अधिक विवेक तेथे लागतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, चर्च ऑफ साउथ इंडिया आणि केरळातील मार थोमा मंडळी यांच्यात परस्पर सहभागिता, म्हणजे एकमेकांच्या प्रभुभोजनात भाग घेण्याची मोकळीक आहे आणि 1978 पासून त्यांचे संयुक्त मंडळही आहे. त्यामुळे केरळात गेलो असता मार थोमा मंडळीत मला भाकर व प्याला घेता आला. मल्याळममधील एक शब्दही मला कळत नव्हता, तरी भाकर मोडण्याची वेळ आली हे सांगावे लागले नाही. वसईत कॅथलिकांच्या मराठी मिस्सेला (त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेला) बसतो, तेव्हा मात्र मी पुढे जात नाही. कॅथलिक मंडळीच्या शिस्तीप्रमाणे इतर मंडळ्यांच्या सभासदांना तेथे सामान्यतः ख्रिस्तशरीर (प्रभुभोजनाची भाकर) दिले जात नाही, आणि ती शिस्त मोडणे हा पाहुण्याचा हक्क नव्हे. सर्व जण रांगेने पुढे जात असताना मी जागेवर गुडघे टेकून राहतो. मला याचे दुःख होते, हे मी लपवणार नाही. एकाच प्रभूच्या मेजाजवळ आपण एकत्र बसू शकत नाही ही जखम सभांतील ठरावांत तितकी जाणवत नाही, जितकी त्या रिकाम्या झालेल्या बाकावर जाणवते. ती पाळकाला जाणवली पाहिजे, असे माझे मत आहे.

आपल्या नातेवाइकांना वाटले की आपले पाळक ओळख लपवून बसले होते. मीही उपासनेपूर्वी सहसा ओळख सांगत नाही. सांगितली की लगेच, “पाळकसाहेब आले आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत,” असा प्रेमाचा आग्रह होतो. तेथील पाळकांनी आठवडाभर तयारी केलेली असते. त्यांच्या वेळेतील दहा मिनिटे घेणे मला बरे वाटत नाही. उपासना संपल्यावर मात्र मी त्यांना जाऊन भेटतो, सलाम करतो, नाव आणि मंडळी सांगतो, आणि संदेशातील जे मनाला लागले ते सांगतो. पाळकाला आपल्या प्रवचनाविषयी दुसऱ्या पाळकाकडून चांगला शब्द क्वचितच ऐकायला मिळतो. ज्या गावात आपण पूर्वी पाळक होतो तेथे रजेत जाऊन लग्ने लावणे, बाप्तिस्मे देणे किंवा घरोघर प्रार्थना घेणे हे तेथील पाळकांच्या निमंत्रणाशिवाय करू नये. त्याने मंडळीत दोन तट पडतात.

नवख्या माणसाला काय वाटते, हेही मी असाच शिकलो. एका शहरातील मोठ्या चर्चमध्ये माझी पत्नी एका बाकावर बसली असता, ती जागा दुसऱ्या कुटुंबाची आहे असे सांगून तिला उठवण्यात आले, आणि पुढचे दोन तास कोणी आमच्याशी एक शब्दही बोलले नाही. आम्ही पाळकाचे कुटुंब, आम्हाला उपासनेचा क्रम ठाऊक. तरीही तिचे डोळे भरून आले. पहिल्यांदाच चर्चची पायरी चढणाऱ्या माणसाचे काय होत असेल? परत आल्यावर आमच्या मंडळीत मी दाराशी दोन माणसे नेमली, ज्यांच्याजवळ उपासना संगीताच्या जादा प्रती असतात आणि जी नवख्याच्या शेजारी जाऊन बसतात. पाहुण्यांना उभे करून सर्वांसमोर नाव-गाव विचारण्याची आमची जुनी पद्धतही बंद केली, कारण एकदा असे उभे केलेली एक तरुण मुलगी पुन्हा कधीच आली नाही.

म्हणून आपल्या पाळकांनी जे केले ते योग्यच केले असे मला वाटते. ते परत आल्यावर, दुसरीकडे का गेलात असे न विचारता, तेथे कोणती गीते म्हटली आणि वचन कोणते होते हे त्यांना विचारा. आणि पुढच्या वर्षी त्यांची रजा ठरेल, तेव्हा त्या रविवारांची व्यवस्था मंडळीच्या समितीने महिनाभर आधी करून ठेवावी. संदेश कोण देणार हे ठरलेले नसल्यामुळे रजा अर्धी टाकून परतलेले पाळक मी पाहिले आहेत, आणि स्वतः तसा दोनदा परतलो आहे.