सासूबाईंचं आजारपण आणि स्तोत्र 50 मधलं पाचवं वचन

ऐरोलीहून एका बहिणीचं पत्र आलंय. सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला तेव्हा हिने ठाण्यातला जॉब सोडला, तेव्हापासून डायपर, फिजिओ, औषधं सगळं हिच्याकडे, दीर-जाऊ खारघरला, महिन्यातून एकदा फळं घेऊन येतात. जुन्या ऑफिसने परत बोलावलंय. दिवसाची बाई ठेवून जाऊ का म्हणून नवऱ्याला विचारलं, तर त्याने बायबलमधलं स्तोत्रसंहिता 50:5 काढून दाखवलं, की आपण यज्ञ करून देवाशी करार केलेली माणसं, त्याग अर्धवट सोडायचा नसतो. "मावशी, मी करार मोडतेय का?"

जय ख्रिस्त बाळा. नाही, मोडत नाहीयेस.

पाचवं वचन एकटं वाचू नकोस. तिथे देव न्यायाला बसलाय, आकाश आणि पृथ्वीला हाक मारलीय, आणि करार केलेल्यांना जमा करा म्हणतो ते शाबासकी द्यायला नाही, जाब विचारायला. आठव्या वचनापासून बघ, तुमच्या यज्ञांबद्दल माझी तक्रार नाही, तुमच्या घरचा गोऱ्हा मला नको, रानातलं प्रत्येक जनावर माझंच आहे, भूक लागली तरी तुम्हाला सांगणार नाही. मग मागतो काय, तर आभार मान, नवस फेड आणि संकटात मला हाक मार. ज्या वचनाने तुला गप्प केलं त्याच्याच दहा वचनं पुढे हाक मारायला सांगितलंय गं.

आता यज्ञ करून करार म्हणजे काय ते उत्पत्ती 15 मध्ये वाच, तिथे देव अब्रामाशी, म्हणजे पुढच्या अब्राहामाशी, करार करतो. हिब्रूत करार 'कापतात' असंच म्हणतात. अब्रामाने तीन वर्षांची कालवड, शेळी, मेंढा मधोमध चिरून समोरासमोर ठेवले, पक्षी तेवढे चिरले नाहीत. त्या तुकड्यांमधून चालत जायचं, म्हणजे मी शब्द मोडला तर माझंही असंच होवो, यिर्मया 34 मध्ये गुलामांना सोडून परत धरून आणणाऱ्यांना देव हेच ऐकवतो. पण इथे अब्राम चालतच नाही! त्याला गाढ झोप लागलेली, आणि धुराची भट्टी नि पेटती मशाल तेवढी मधून जाते. सगळा भार देवाने स्वतःवर घेतला. इथे आले की माझे डोळे भरून येतात, इतकी वर्षं वाचतेय तरी. इब्री 10 मध्ये तर ख्रिस्ताचं अर्पण एकदाच झालं म्हटलंय, मग तुझ्याकडून रोज नवीन बळी कोण मागतंय?

सासूबाईंना टाकून दे असं तू म्हणतही नाहीयेस. आईबापाचा मान राख ही आज्ञा मुलांना आहे, एकट्या सुनेला नाही. देवाला अर्पण केलंय असं सांगून आईबापाला हात द्यायचं टाळणाऱ्यांना येशूने मार्क 7 मध्ये चांगलंच सुनावलंय, ते नवऱ्याला शांतपणे वाचून दाखव, भांडू नकोस.

रविवारी उपासनेनंतर दोघा भावांना एकत्र बसव, बाईचा पगार निम्मा-निम्मा, रात्रीच्या पाळ्या वाटून, खारघरच्यांनी शनिवार-रविवार मुक्कामाला यायचं, फळं नाही आणली तरी चालतील. चर्चच्या पाळकांना बोलवायचं तर तुझ्या बाजूने बोलायला नको, ऐकायला बोलव. बाई आली की पहिला आठवडा तू घरी थांब, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते तिच्याकडून करून घे नाहीतर पाठीला जखमा होतात. आणि ऑफिसला फोन आजच कर, ती जागा तुझ्यासाठी थांबणार नाही.