कॅमेरा नवा, मग फोटो फोनचेच बरे का?

प्रश्न : ताई, दिवाळीत कॅमेरा घेतला, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिलीमीटरच्या अशा दोन लेन्स आल्या. जानेवारीत मित्रांबरोबर भिगवणला गेलो, होडी केली, फ्लेमिंगो अगदी समोर, चारशे फोटो काढले आणि घरी येऊन लॅपटॉपवर बघतो तर एक धड नाही. अर्धे हललेले, उरलेले मळकट राखाडी, गुलाबी रंग शोधून सापडत नाही. बायकोने फोनवर काढलेले मात्र ग्रुपवर सगळ्यांना आवडले, आणि आता घरात रोज 'एवढ्यात माझी पैठणी आली असती' चालू आहे. मित्र म्हणतो १५०-६०० ची लेन्स घे, त्याशिवाय पक्ष्यांचे फोटो येत नाहीत. घेऊ का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : नका घेऊ. पैठणी घ्या, घरात शांतता राहील आणि पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला निघताना कुणी काही बोलणार नाही.

तुम्ही पाठवलेले चार फोटो बघितले. दोन सकाळी साडेसातचे आहेत, शटर १/१२५, म्हणजे ते सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या भागाइतकंच उघडतं, आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, १००. आयएसओ वाढवला की दाणे येतात असं कुणीतरी सांगितलं असणार, खोटं नाहीये ते, पण दाणेदार फोटो बघवतो हो, हललेला नाही बघवत. तुमच्या कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरवर २५० ची लेन्स ४०० सारखी वागते, म्हणजे कॅमेरा हातात धरून नुसत्या बसलेल्या पक्ष्याचा फोटो काढायचा तरी १/४०० पाहिजे, त्यात तुम्ही डुलणाऱ्या होडीत आणि पक्षी उडतोय, मग १/१००० च्या खाली जायचंच नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, फ्लेमिंगोचे पंख नाही. त्याच उजेडात आयएसओ १०० चा ८०० केला असता तर १/१२५ चं सरळ १/१००० झालं असतं, फुकटात. आणि फोकस कंटिन्युअसवर ठेवा, नाहीतर कॅमेरा एकदा फोकस धरून बसतो आणि पक्षी पुढे निघून जातो.

उरलेले दोन साडेअकराचे, त्यात शटरचा दोष नाही. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते, लांबचा पक्षी वितळल्यासारखा दिसतो, त्याला सहाशेची लेन्सही काही करू शकत नाही, उलट ती थरथर अजून मोठी करून दाखवते. त्या वेळेला कॅमेरा बॅगेत ठेवून सरळ चिलापी माशाची थाळी गाठायची. (मी पहिल्यांदा भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर गेले तेव्हा बॅटरी घरी चार्जरलाच राहिली होती, त्यामुळे थाळीबद्दल मी अगदी खात्रीने बोलू शकते.)

आता राखाडीपणाचं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला पांढरं-गुलाबी काही कळत नाही, त्याला समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचंच असतं असं वाटतं. धुक्याचं पांढरं पाणी आणि फ्रेमभर रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचाच, थवा असं दिसलं की तो म्हणतो फारच उजेड आहे आणि फोटो काळवंडून टाकतो. तिथे प्लस-मायनसचं जे बटण असतं ते प्लसला न्यायचं, २/३ पासून १ पर्यंत. पण हा नियम पाठ करून बसू नका, कारण एकटा बगळा गडद पाण्यापुढे उभा असेल तर बरोब्बर उलटं होतं, बगळा पांढराफेक होऊन पिसंच दिसत नाहीत, तिथे मायनस. फोन हे सगळं न विचारता करतो, एका क्लिकमध्ये बरेच फोटो घेऊन एकमेकांत मिसळतो, रंग चढवतो, कडा धारदार करतो. कॅमेरा ते काम तुमच्यावर सोडतो, त्यात रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने काहीच संस्कार न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढलेलं असेल तर लॅपटॉपवर बसून घासणंही आलंच.

लेन्सचं म्हणाल तर फ्लेमिंगो उभा राहिला की चार-पाच फूट उंच, थव्याला २५० पुष्कळ झालं. सहाशेवाली लेन्स दोन किलोच्या आसपास भरते, फारच जीव अडकला असेल तर एक दिवस भाड्याने आणा, संध्याकाळी खांदाच उत्तर देईल. होडीवाल्या दादांना सांगा की उन्हाकडे पाठ येईल अशी होडी लावा आणि स्वस्थ बसा. थवा उठवायला मात्र सांगू नका, बरेच लोक सांगतात आणि होडीवाले बिचारे गिऱ्हाइकासाठी करतातही. फ्लेमिंगो उडण्याआधी पाण्यावर धावत सुटतो आणि बहुतेक वाऱ्याच्या दिशेला तोंड करून, तेव्हा वारा कुठून येतोय ते बघून थांबलात तर तो क्षण आपोआप मिळेल.

आणि भिगवणच्या आधी तुमच्या जवळच्या, नदीकाठच्या कवडीला जा ना. हडपसरकर असून सोलापूर रोडने तिथे गेला नाहीत म्हणजे कमालच. बंधाऱ्याजवळ हिवाळ्यात चक्रवाक असतात, शेकाटे, बगळे, नदीसुरय, सगळे काठावरून दिसतात, होडीचा खर्च नाही. फेस आणि प्लास्टिकही वाहत येतं, नाक धरावं लागेल. पण त्याच एका जागी पाच-सहा रविवार गेलात की कुठला पक्षी कुठून येऊन कुठे बसतो हे कळायला लागतं. माझे बरे फोटो तिथलेच आहेत.

प्रश्न : ताई, मी कॉलेजला आहे, सातारा. बाबांनी नवा कॅमेरा दिला, सप्टेंबरमध्ये कास पठारावर नेला तर गाडीतून उतरल्यावर लेन्सवर धुकंच धुकं. आता मैत्रीण म्हणते की लेन्सला बुरशी लागते आणि तांदळाच्या डब्यात ठेव. ठेवू का?

उत्तर : तांदळात नको गं, त्याची पूड सगळीकडे शिरते. धुकं आलं ते गाडीच्या एसीमुळे, लेन्स थंडगार आणि बाहेरची हवा दमट. पोचायच्या आधी एसी बंद कर आणि कॅमेरा बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेला सरावू दे. बुरशीची भीती मात्र खरी आहे, आपल्याकडच्या पावसात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवला की लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उगवतात. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घे, आत सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर, आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली की बास. जेलचे निळे दाणे ओले झाले की गुलाबी होतात, तापवले की परत निळे, पण त्या निळ्या रंगात घातक कोबाल्ट असतं, आईचा तवा घेऊ नकोस, नारंगी दाणे मिळाले तर तेच आण. आणि कासला सीतेची आसवं नावाची फुलं एवढीशी असतात म्हणून फुलांत लोळण घेणारे खूप दिसतील, तू वाटेवर बसून वाटेकडेचीच फुलं काढ, तेरडा तर तिथूनही ढीगभर दिसतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर. चैत्र यात्रेला जोतिबावर नवा कॅमेरा न्यावा म्हणते, पण गुलालाची भीती वाटते आणि अनोळखी माणसांचे फोटो काढायला संकोच.

उत्तर : बाई, जरूर न्या. लेन्स घरूनच लावून न्या, १८-५५ चालेल, डोंगरावर काही झालं तरी बदलू नका, गुलाल एकदा सेन्सरवर बसला की साफ करून घ्यायला दुकान गाठावं लागतं. पुढे फिल्टर, बाकी कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड. घरी आल्यावर आधी ब्लोअरने हवा मारा, ओलं फडकं लावलंत तर गुलालाचा लगदा होतो. सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच सजवलेल्या काठ्या, नाचताना मध्ये शिरू नका, पायरीवर किंवा उंच ओट्यावर उभ्या राहा, तिथून गुलालाचा ढग आणि काठ्यांचे शेंडे दोन्ही येतात.

संकोचाचं काय, कॅमेरा वर करायच्या आधी नुसतं हसून 'काढू का?' विचारा. काठी धरलेला माणूस नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही, उलट शेजारच्या दोघांना ओढून उभं करतो. मग त्याचा व्हॉट्सअॅप नंबर घ्या आणि फोटो नक्की पाठवा, पुढच्या वर्षी तोच तुम्हाला ओट्यावर जागा धरून ठेवेल.