'देवी काढल्या' म्हणजे नेमकं काय काढलं?

प्रश्न असा आला आहे: 'आमची आजी म्हणते, "माझ्या देवी शाळेत काढल्या." तिला देवी कधी आल्याच नव्हत्या, मग काढल्या काय? आणि लस तर अंगात घालतात, तिला काढणं का म्हणायचं?'

देवी हा अंगभर फोड उठवणारा साथीचा रोग, आणि देवी काढणे म्हणजे त्याची लस टोचणे. बरेच जण याचं उत्तर 'रोग अंगातून काढून टाकणे' असं देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. इथला 'काढणे' काटा काढण्यातला नाही, पिल्लं काढण्यातला आहे. मराठीत निघणे आणि काढणे ही जोडी आहे. रस निघतो, आपण रस काढतो. अंड्यातून पिल्लं निघतात, कोंबडी पिल्लं काढते. गोवर निघाला, कांजिण्या निघाल्या असं आपण म्हणतो, तसंच अंगावर देवी निघाल्या असंही म्हणत. आपसूक निघाल्या तर तो रोग. माणसानं मुद्दाम, दंडावर एका ठरलेल्या जागी, एक-दोनच निघतील अशी व्यवस्था केली, तर त्या 'काढल्या'.

टोचल्यावर काय व्हायचं ते पाहिलं की हे लख्ख कळतं. टोचलेल्या जागी तीन-चार दिवसांनी पुटकुळी यायची, मग पाण्यानं भरलेला फोड, आठव्या-नवव्या दिवसापर्यंत त्यात पू. पुढे खपली धरायची, ती पडली की जन्मभराचा वण. फोड उठलाच नाही तर टोचणं फुकट गेलं असं समजून पुन्हा टोचत. म्हणजे सुई हे नुसतं साधन, खरं काम फोड आणवण्याचं. म्हणून पोलिओचा डोस 'देतात', धनुर्वाताचं इंजेक्शन 'घेतात', पण 'पोलिओ काढला' असं कुणी म्हणत नाही. १८९७ च्या जानेवारीत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढे ती हजारोंना टोचली गेली, पण 'प्लेग काढला' असा प्रयोग माझ्या वाचनात नाही. अंगावर निघण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

आता 'लस'. जखमेतून लस वाहते, असं आपण आजही म्हणतो. चिकट, पातळ स्राव हाच या शब्दाचा जुना अर्थ. संस्कृतातली लसिका त्याच घरातली. देवीची लस शोधणाऱ्या जेन्नर या इंग्रज डॉक्टरनं १४ मे १७९६ रोजी आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला जे टोचलं, ते एका गवळणीच्या हातावरच्या गोदेवीच्या, म्हणजे गाईंना येणाऱ्या देवीच्या, फोडातलं द्रव्य होतं. ते मुंबईला पोचलं व्हिएन्ना, बगदाद, बसरा अशा वाटेनं, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलं गेलं. हिंदुस्थानात ते लागू पडल्याची ही पहिली नोंद. बर्फ नाही, शीतपेटी नाही. एका मुलाच्या दंडावरचा फोड आठव्या दिवशी फोडायचा आणि त्यातली लस पुढच्या मुलाला टोचायची. मुलांच्या दंडांवरूनच ती मुंबईहून पुण्याकडे, सुरतेकडे गेली. तेव्हा 'लस' हे नाव अगदी शब्दशः खरं होतं. आपल्या पोराचा फोड दुसऱ्यासाठी फोडू द्यायला आयाबाया तयार नसत, आणि कोणाच्या अंगातलं कोणाच्या अंगात जातंय हा जातीचा प्रश्न वेगळाच. पुढे वासरांच्या अंगावर लस वाढवायला लागल्यावर ही कटकट मिटली. बेळगावात टिळकवाडीला 'व्हॅक्सिन डेपो' म्हणून मोठा झाडीचा परिसर आहे, तो याच कामातला.

हिंदीत याला टीका म्हणतात. आपण टीकाकरण उचललं नाही हे बरं झालं, आपल्याकडे ते न सांगताच पुरेसं चालतं. 'लशीचा' की 'लसीचा' असंही कुणी विचारेलच. म्हैस-म्हशीचा, पैसा-पैशाचा, तसा 'लशीचा' मला जवळचा वाटतो. 'लसीकरण' मात्र रुळलंय, त्याला हात लावू नये.

'देवी'बद्दल एक गंमत सांगतो. अंगात देवी आली आणि अंगावर देवी आल्या, यात विभक्ती आणि वचन बदललं की सगळं बदलतं. पहिलीला खणानारळाची ओटी. दुसऱ्या आल्या की दाराला कडुलिंबाचे डहाळे आणि घरात फोडणी बंद. आयुर्वेदाच्या ग्रंथांत या रोगाला मसुरिका म्हटलंय, फोड मसुरीच्या दाण्यासारखे म्हणून. बोलीनं ते नाव घेतलं नाही. रोगाचं नाव घेण्यापेक्षा शितळादेवी आली असं म्हणणं लोकांना सोयीचं वाटलं असावं. आणि मग गावोगाव टोचत फिरणारा सरकारी माणूस झाला 'देवी डॉक्टर'!

या डॉक्टरांकडे पूर्वी काटेरी चकती फिरवायचं हत्यार असे, म्हणून जुन्या माणसांचे वण रुपयाएवढे. साठीच्या दशकाच्या अखेरीस दुतोंडी सुई आली: दोन टोकांमध्ये लशीचा थेंब धरायचा आणि पंधरा वेळा भराभर टोचायचं. १९७५ मध्ये देवीचा रोगी कळवणाऱ्याला १००० रुपये इनाम होतं. त्याच वर्षी मे महिन्यात देशातला शेवटचा रोगी आसामात सापडला, आणि ८ मे १९८० रोजी जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं.

त्यामुळे १९८० नंतर जन्मलेल्यांनी आपल्या दंडावरच्या खड्ड्याला 'देवीची खूण' म्हणू नये. ती बहुधा क्षयावरच्या बीसीजी लशीची असते. आजीचं वाक्य मात्र व्याकरणानंही बरोबर आहे आणि वैद्यकानंही.