रिपोर्ट मिळेल, पण गोळ्या कोण लिहून देणार?

"मॅडम, खाजगीत पैसे भरले की एडीएचडीचा रिपोर्ट मिळतोच म्हणतात. मग तो खरा कसा मानायचा?"

नाशिकच्या एका आईचा हा प्रश्न, एडीएचडीबद्दलचा, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या त्रासाबद्दलचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा तेवीस वर्षांचा, इंग्लंडमध्ये लीड्सला एमएस्सी करतोय. तीन असाइनमेंट अर्धवट, घराची किल्ली दोनदा हरवलेली. तिथल्या जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, तपासणीसाठी नाव नोंदवून घेतलं, पण एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, रांग काही वर्षांची असल्याचंही सांगितलं. खाजगी क्लिनिकचा खर्च रुपयांत लाखाच्या वर जात होता. एफडी मोडायची का, यावर घरात आठवडाभर वाद चालला होता. वडिलांचं म्हणणं, सुटीत इथेच आणून तपासू. तपासता येईल हो, पण औषधाचा डोस महिनोन्महिने बघावा लागतो. तो लीड्सला असताना नाशिकहून कोण बघणार?

मी समुपदेशक आहे, निदान करत नाही. पण आईंना एवढं सांगितलं की खाजगी असो वा एनएचएस, निकष तेच. सतरा आणि त्यापुढच्या वयाच्या व्यक्तीत लक्ष न लागण्याची किंवा अतिचंचलतेची किमान ५ लक्षणं, कमीत कमी ६ महिने टिकलेली, एकाहून जास्त ठिकाणी दिसणारी; आणि त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासूनची. हे सगळं नीट विचारायला तास-दोन तास लागतात. वीस मिनिटांच्या कॉलवर फक्त प्रश्नावली भरून घेणाऱ्यांपासून मात्र लांबच राहावं.

मला खरी काळजी रिपोर्टनंतरची होती. औषध सुरू झालं की रक्तदाब, नाडी, वजन बघत डोस बसवतात. तो बसला की पुढची औषधाची चिठ्ठी जीपीने लिहायची, याला तिकडे 'शेअर्ड केअर' म्हणतात. पण जीपीवर त्याचं बंधन नाही, आणि खाजगी रिपोर्ट असेल तर बरेच जण नकार देतात. मग दर वेळी खाजगी चिठ्ठीची फी वेगळी आणि गोळ्यांचे पैसे वेगळे. एफडी मोडून भागलं असतं ते पहिल्याच टप्प्यापुरतं. म्हणून मुलाला म्हटलं, "पैसे भरण्याआधी जीपीला एवढंच विचार, या क्लिनिकचं शेअर्ड केअर घ्याल का? उत्तर लेखी माग." उत्तर नकाराचं आलं.

इंग्लंडमध्ये अजून एक वाट आहे, 'राइट टू चूज'. जीपीच्या शिफारसपत्रावर, एनएचएसशी करार असलेली दुसरी संस्था आपण निवडायची, खर्च एनएचएसचा. वेल्स-स्कॉटलंडमध्ये ही सोय नाही. रांग इथेही असते, म्हणून संस्था निवडण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या: किती थांबावं लागेल, आणि निदानानंतर औषधही तुम्हीच सुरू करता का? आईंना वाटलं, परक्या मुलाला फुकट कोण देणार! फुकट कुठलं, व्हिसासोबत वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार भरलेलाच होता. तोवर विद्यापीठाच्या डिसेबिलिटी विभागात जायलाही सांगितलं. निदानाआधी भेटता येतं, हे त्याला माहीतच नव्हतं.

राइट टू चूजमधून आठ महिन्यांनी मुलाखतीची तारीख आली. लहानपणाचा पुरावा हवा होता. "सगळीच मुलं विसरतात हो," असं आधी म्हणणाऱ्या आईंनी माळ्यावरची ट्रंक उघडली. तिसरीचं प्रगतिपुस्तक, कोपऱ्यात वाळवी लागलेलं. शेरा: 'हुशार आहे, पण वर्गात लक्ष नाही. डबा, वही रोज विसरतो.' कॅमेऱ्यासमोर धरून त्यांनी तो मला वाचून दाखवला.

"याच शेऱ्यावरून मी त्याला मारलं होतं," त्या म्हणाल्या.

घरच्यांसाठीचा फॉर्म त्यांनी मराठीत सांगितला, भाचीने इंग्रजीत भरला. शेऱ्याचा फोटो सोबत जोडला. मारल्याचं लिहायचं का, असं भाचीने विचारलं. "लिही," त्या म्हणाल्या.